रामबाण, विषकन्या आणि वासवी शक्ती : विषवाहक प्रथिनांच्या वर्णनभाषेची एक समीक्षा

गोषवारा : रोगग्रस्त पेशींपर्यंत विष पोहोचवणारी अभियांत्रिक प्रथिने हे गेल्या अर्धशतकातील जैववैद्यकशास्त्राचे एक महत्त्वाचे दालन आहे. या औषधांची ओळख सर्वसामान्य वाचकाला आणि विद्यार्थ्याला करून देताना 'जादूची गोळी' किंवा 'रामबाण' ही उपमा सर्रास योजली जाते. ही उपमा औषधाच्या कार्यपद्धतीचे यथार्थ वर्णन करते काय, ती कोणत्या गोष्टी झाकते आणि त्याचे मोल कोणाला द्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आपल्याच साहित्यपरंपरेतील विषकन्या आणि वासवी शक्ती या दोन प्रतिमा या औषधांच्या मर्यादांना अधिक प्रामाणिक ठरतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विषवाहक प्रथिने, प्रतिपिंड, एर्लिख, गुंज, विज्ञानभाषा, रूपक.

१. प्रास्ताविक

वर्सोव्याहून मेट्रोने अंधेरी आणि तेथून लोकलने प्रभादेवी गाठून परळच्या रुग्णालयांकडे फाईल घेऊन जाणारी माणसे मुंबईच्या पश्चिम उपनगरांत शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाच्या परिचयाची असतात. कधी ते सहकारी असतात, कधी विद्यार्थ्यांचे पालक. काही काळापूर्वी प्रतिपिंडांवरील पाठ संपल्यावर तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखकास विचारले, "सर, हे औषध फक्त गाठीच्या पेशींनाच लागतं असं आपण आत्ता शिकलो. मग आईच्या प्लेटलेट इतक्या का उतरल्या?" तिच्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिन हे औषध दिले जात होते. प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देता येण्यासारखे होते आणि ते दिलेही. परंतु त्या उत्तराने एक दुसरा प्रश्न शिल्लक ठेवला. चूक औषधाची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. चूक वर्गात वापरलेल्या 'फक्त' या शब्दाची होती, आणि तो शब्द 'रामबाण' या उपमेच्या पाठोपाठ आला होता.

विज्ञानाच्या अध्यापनात उपमा ही सोय मानली जाते. अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याचे ते साधन आहे, एवढाच तिचा विचार होतो. साहित्याचा अभ्यासक मात्र जाणतो की, प्रत्येक रूपक काही दाखवते आणि काही लपवते. प्रस्तुत लेखाचा हेतू या औषधांचा तांत्रिक आढावा घेणे हा नसून, त्यांच्या वर्णनासाठी रूढ झालेल्या भाषेची समीक्षा करणे हा आहे. अर्थात, भाषेची समीक्षा वस्तूच्या माहितीशिवाय पोकळ ठरते. म्हणून प्रथम वस्तूकडे वळणे इष्ट होईल.

२. उपमेचे मूळ आणि आपल्या अंगणातील दोन बिया

'जादूची गोळी' या संकल्पनेचे जनकत्व पाउल एर्लिख (१८५४-१९१५) या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाकडे जाते. शरीरातील निरोगी भागांना स्पर्श न करता केवळ रोगकारकाचा वेध घेणारे द्रव्य शोधता येईल, ही त्यांची धारणा होती. ज्या प्रयोगांतून एर्लिख यांचा प्रतिकारशक्तीविषयक विचार आकारास आला, त्यांतील दोन द्रव्ये आपल्या परिसरातील वनस्पतींची आहेत. १८९१ मध्ये त्यांनी उंदरांना एरंडाच्या बीतील रायसिन आणि गुंजेच्या बीतील अ‍ॅब्रिन ही विषे अत्यल्प मात्रेपासून क्रमाक्रमाने वाढवत दिली. हे उंदीर पुढे एरवी प्राणघातक ठरणारी मात्राही सहन करू लागले, आणि रायसिनला सरावलेला उंदीर अ‍ॅब्रिनपासून मात्र सुरक्षित राहत नाही, असेही आढळले. प्रतिकार हा विशिष्ट विषापुरता असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना इल्या मेचनिकॉव्ह यांच्यासमवेत प्रतिकारशक्तीवरील कार्यासाठीच मिळाले.

गुंज मराठी माणसाला विष म्हणून नव्हे, तर वजन म्हणून अधिक ठाऊक आहे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, या हिशेबाने सराफांनी पिढ्यान्‌पिढ्या सोने तोलले. लालबुंद, काळ्या डोळ्याची ती बी पोरांच्या खेळातही असे. तिचे कवच इतके कठीण असते की, अखंड गिळलेली बी अनेकदा अपाय न करता शरीराबाहेर पडते. फोडलेली किंवा चावलेली बी मात्र घातक ठरते. भारतीय न्यायवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत 'सुई' या नावाने एक प्रकार नोंदलेला आढळतो. गुंजेचा लगदा करून त्याची अणकुचीदार सुई वळायची, ती वाळवायची आणि जनावराच्या कातडीखाली खुपसायची, अशी ती गुरे मारण्याची पद्धत होती. विष आणि विष पोहोचवण्याचे साधन ही दोन वेगळी कामे आहेत, हे ज्ञान प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी लोकव्यवहारात होते, असे यावरून म्हणावे लागते.

एरंडाची गोष्टही अशीच. जगात एरंडीचे सर्वाधिक उत्पादन भारतात होते आणि त्यात गुजरातचा वाटा मोठा आहे. आजीच्या हातचे एरंडेल प्यायलेल्या माणसाला रायसिन बाधत नाही, कारण ते प्रथिन असल्याने तेलात न उतरता पेंडीत राहते. एकाच बीत औषध आणि विष शेजारी-शेजारी नांदतात. त्यांना वेगळे करण्याची रीत माहीत असणे महत्त्वाचे.

३. विषवाहक प्रथिन म्हणजे काय?

रायसिन आणि अ‍ॅब्रिन यांची रचना सारखी आहे. दोहोंत दोन साखळ्या असतात. 'बी' साखळी पेशीच्या पृष्ठभागावरील गॅलॅक्टोज या शर्करेला चिकटते आणि प्रवेशाचे काम करते. 'ए' साखळी आत गेल्यावर रायबोसोमच्या आरएनएमधील एक ठरावीक अ‍ॅडेनिन तोडून टाकते. एवढ्याने रायबोसोम निकामी होतो, प्रथिननिर्मिती थांबते आणि पेशी मरते. ए साखळी हे विकर असल्याने एक रेणू एकामागून एक असे असंख्य रायबोसोम निकामी करू शकतो. 'बी' साखळीला हवी असलेली शर्करा मात्र शरीरातील बहुतेक सर्व पेशींवर असते. म्हणून नैसर्गिक रायसिन आपपरभाव जाणत नाही.

अभियांत्रिकीचा प्रवेश येथे होतो. प्रवेशाचे काम करणारी साखळी काढून तिच्या जागी रोगग्रस्त पेशीवरील विशिष्ट रेणू ओळखणारा प्रतिपिंड किंवा संप्रेरकसदृश प्रथिन जोडावयाचे, ही मूळ कल्पना. १९७५ मध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची पद्धत शोधून काढली आणि ही कल्पना व्यवहारात आणण्याजोगी झाली. पुढे जनुकीय अभियांत्रिकीमुळे प्रतिपिंडाचा वेध घेणारा तुकडा आणि विषाचा मारक तुकडा यांची जनुके जोडून एकच संयुक्त प्रथिन जीवाणूंकडून तयार करवून घेणे शक्य झाले. घटसर्पाच्या जीवाणूचे विष आणि स्यूडोमोनास या जीवाणूचे विष यांचा वापर त्यासाठी अधिक झाला. ही दोन्ही विषे प्रथिननिर्मितीला लागणाऱ्या एका साहाय्यक घटकाला निष्प्रभ करतात. मार्ग वेगळा, परिणाम तोच.

या विषयाशी मराठी नावाचाही संबंध आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंजली कारंदे यांच्या प्रयोगशाळेने अ‍ॅब्रिनवर दीर्घकाळ संशोधन केले. अ‍ॅब्रिनला निष्प्रभ करणारा प्रतिपिंड तेथे विकसित झाला, आणि २०१३ मध्ये अ‍ॅब्रिनची ए साखळी एका प्रतिपिंडाला जोडून सिद्ध केलेल्या विषवाहकाचा पेशीतील प्रवासही तेथून प्रसिद्ध झाला. त्या कामातील लक्षणीय भाग हा विष पेशीत शिरल्यावर कोणत्या वाटेने जाते, याविषयीचा आहे. नेम लागणे म्हणजे काम होणे नव्हे. पेशीने आत ओढून घेतलेल्या रेणूला आतड्यासारख्या नागमोडी अंतर्मार्गातून सुटून पेशीद्रवात पोहोचावे लागते, आणि बहुसंख्य रेणू वाटेतच नष्ट होतात. बाणाच्या उपमेत या प्रवासाला जागाच नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या आईचे औषध काटेकोर अर्थाने विषवाहक प्रथिन नसून 'प्रतिपिंड-औषध संयुग्म' या शेजारच्या वर्गातील आहे. त्यात प्रतिपिंडाला प्रथिनविषाऐवजी लहान रासायनिक विष जोडलेले असते. तत्त्व तेच, ओझे निराळे. प्लेटलेट उतरण्याचे कारण असे की, अस्थिमज्जेतील प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी, त्यांच्यावर लक्ष्यरेणू जवळपास नसतानाही, हे औषध अन्य वाटांनी आत घेतात. पत्ता अचूक लिहिलेला होता. पत्र शेजाऱ्यानेही उघडले.

४. तीन औषधांचा इतिहास

रूपकाची परीक्षा इतिहासाच्या कसोटीवर करणे योग्य ठरेल. या वर्गातील पहिले मान्यताप्राप्त औषध डेनिल्यूकिन डिफ्टिटॉक्स. घटसर्पाच्या विषाचे तुकडे आणि इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन यांच्या संयोगातून ते सिद्ध झाले. त्वचेच्या टी-पेशी लसिकार्बुदासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९९ मध्ये मान्यता दिली. उत्पादनातील शुद्धतेच्या अडचणींमुळे २०१४ मध्ये ते बाजारातून गेले, आणि उत्पादनपद्धती सुधारून ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या नावाने पुन्हा मान्य झाले. म्हणजे मधली दहा वर्षे हा 'बाण' भात्यातच नव्हता.

दुसरे औषध मोक्सेटुमोमॅब पासुडोटॉक्स. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आयरा पास्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्यूडोमोनासच्या विषावर अनेक दशके केलेल्या कामाचे ते फळ होते. 'हेअरी सेल ल्युकेमिया' या दुर्मीळ रक्तकर्करोगात, आधीचे किमान दोन उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांसाठी सप्टेंबर २०१८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. निर्णायक चाचणीत ८० रुग्ण होते. त्यांपैकी ७५ टक्के रुग्णांत प्रतिसाद दिसला आणि ३० टक्के रुग्णांत टिकाऊ स्वरूपाचा पूर्ण प्रतिसाद आढळला. ज्यांच्यापुढे फारसा मार्ग उरला नव्हता, अशा रुग्णांच्या बाबतीत हे यश मोठे आहे. तरीही कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेतील विक्री थांबवली. कारण म्हणून औषधाचा अत्यल्प वापर, देण्याची गुंतागुंतीची पद्धत आणि घ्यावी लागणारी दक्षता यांचा उल्लेख झाला. औषध निरुपयोगी ठरले म्हणून ते गेले नाही; रुग्ण थोडे आणि व्याप फार, म्हणून गेले.

तिसरे औषध टॅग्राक्सोफस्प. घटसर्पाचे विष आणि इंटरल्यूकिन-३ यांच्या संयोगाचे हे औषध रक्ताच्या एका अतिदुर्मीळ व आक्रमक कर्करोगासाठी डिसेंबर २०१८ मध्ये मान्य झाले.

या तिन्ही औषधांत एक धोका समान आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू लागतो, शरीर सुजते, वजन वाढते, रक्तदाब उतरतो. वेळीच लक्ष न दिल्यास प्राणावर बेतू शकते. तिन्ही औषधांच्या माहितीपत्रकांत हा इशारा ठळक चौकटीत आहे. दुसरी समान मर्यादा प्रतिकारशक्तीची. जीवाणूचे प्रथिन शरीराला परके असते. काही मात्रांनंतर रुग्णाचे शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंड तयार करते. घटसर्पाच्या विषाच्या बाबतीत तर आणखी एक विरोधाभास आहे. बालपणी त्रिगुणी लस घेतलेल्या माणसाच्या रक्तात या विषाविरुद्धचे प्रतिपिंड आधीच असू शकतात. सार्वजनिक आरोग्याने शंभर वर्षांत मिळवलेले एक यश दुसऱ्या क्षेत्रातील औषधाच्या वाटेत असे उभे राहते. तिसरी मर्यादा गाठींची. रक्तात तरंगणाऱ्या पेशींपर्यंत प्रथिनाचा मोठा रेणू सहज पोहोचतो. घट्ट गाठीच्या अंतर्भागात तो शिरत नाही, आणि गाठीतील सर्व पेशींवर लक्ष्यरेणू सारख्या प्रमाणात असतोच असे नाही. या वर्गाचे यश मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांत का दिसते, याचे हे एक प्रमुख कारण होय.

५. 'जादूची गोळी' : एका रूपकाची चिकित्सा

१९४० मध्ये विल्यम डीटर्ले यांनी दिग्दर्शित केलेला 'डॉक्टर एर्लिख्स मॅजिक बुलेट' हा हॉलिवूडपट प्रदर्शित झाला. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी त्यात एर्लिख साकारले होते. उपदंशासारख्या त्या काळी उघड बोलल्या न जाणाऱ्या रोगाविषयी पडद्यावर बोलण्याचे धैर्य या चित्रपटाने दाखवले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु अशा चरित्रपटाची घडण एका व्यक्तीच्या ध्यासाकडून एका विजयी क्षणाकडे जाते. औषध सापडले की कथा संपते. उत्पादन, शुद्धता, मात्रा, किंमत, माघार, पुनरागमन या गोष्टी कथेच्या बाहेर राहतात. वर दिलेला तीन औषधांचा इतिहास या साच्यात बसत नाही. त्यात क्षण नाही; चाळीस-पन्नास वर्षांची ये-जा आहे.

गंमत अशी की, मूळ जर्मन लोकपरंपरेतील मंतरलेली गोळी इतकी निरागस नाही. कार्ल मारिया फॉन वेबर यांच्या १८२१ मधील 'देर फ्रायशुट्झ' या संगीतिकेत सात मंतरलेल्या गोळ्या आहेत. सहा गोळ्या नेमबाजाच्या इच्छेप्रमाणे लागतात. सातवी सैतानाच्या मर्जीने जाते. लोककथेने जी सातवी गोळी लक्षात ठेवली, ती विज्ञानप्रसाराने विसरून टाकली.

सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' या पुस्तकात आजाराभोवती गुंफल्या जाणाऱ्या रूपकांची, विशेषतः कर्करोगाच्या युद्धभाषेची कठोर तपासणी केली. त्या स्वतः या रोगातून गेल्या होत्या. त्यांच्या मते आजाराला रूपकांपासून शक्य तितके मुक्त करून पाहणे हाच निरोगी मार्ग होय. त्यांची भूमिका महत्त्वाची असली, तरी ती जशीच्या तशी स्वीकारणे प्रस्तुत लेखकास शक्य वाटत नाही. ज्या भाषेत पेशी, ग्राही, विकर या संज्ञाच मुळात रूपके आहेत, तेथे रूपकविरहित वर्णन ही जवळजवळ अशक्य कोटीतील गोष्ट आहे. प्रश्न रूपक असावे की नसावे हा नाही. कोणते रूपक वस्तूशी इमान राखते, हा आहे.

या कसोटीवर 'रामबाण' उणा पडतो. रामाच्या बाणाची तीन लक्षणे परंपरेने मानली आहेत : तो चुकत नाही, तो केवळ अपराध्यालाच लागतो, आणि तो परत भात्यात येतो. विषवाहक प्रथिनाला यांतील एकही लक्षण पूर्णतः लागू होत नाही. तो इतरत्रही लागतो, लक्ष्यरेणू निरोगी पेशींवरही असतो आणि तो परत येत नाही. शिवाय रामबाणाला किंमत नसते. बाण सोडणारा राजपुत्र असतो. बाणाचा खर्च कोण करणार, हा प्रश्न रामायणात उद्भवत नाही.

६. दोन पर्यायी प्रतिमा

आपल्या साहित्यात याहून नेमक्या प्रतिमा आहेत. पहिली विषकन्या. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाच्या पूर्वकथेत नंदांचा अमात्य राक्षस चंद्रगुप्ताच्या नाशासाठी विषकन्या योजतो. चाणक्याच्या डावपेचामुळे ती पर्वतकाकडे वळते आणि तोच मरतो. विष, वाहक आणि पत्ता या तिन्ही गोष्टी येथे स्वतंत्रपणे दिसतात. वाहक वरून निरुपद्रवी आहे म्हणूनच तिला प्रवेश मिळतो, आणि पत्ता बदलला की तेच विष भलत्याचा जीव घेते. लक्ष्याबाहेरील विषबाधा ही संकल्पना विद्यार्थ्याला समजावण्यास याहून चपखल प्रसंग सापडणे कठीण. या प्रतिमेत स्त्रीच्या शरीराकडे साधन म्हणून पाहिले गेले आहे, हा दोष आहेच, आणि वर्गात ती वापरताना तो उच्चारूनच वापरली पाहिजे.

दुसरी प्रतिमा वासवी शक्तीची. कवचकुंडले देऊन कर्णाने इंद्राकडून मिळवलेली ही शक्ती अमोघ होती, पण एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी राखलेली ती शक्ती रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्ची पडली. रुग्णाचे शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंड तयार करते, तेव्हा मोजक्याच मात्रांची संधी हाती असते. ती केव्हा, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या उपचाराच्या आधी अथवा नंतर वापरायची, हा वैद्याचा खरा पेच असतो. शक्ती मिळवण्यासाठी कर्णाने काय दिले, हेही या कथेत सांगितलेले आहे. अस्त्राची किंमत कथेचाच भाग असणे, हे या प्रतिमेचे बलस्थान होय.

अर्थात, या प्रतिमाही अपुऱ्या आहेत. त्यांत युद्ध आणि कपट आहे, शुश्रूषा नाही. तथापि त्या 'फक्त' हा शब्द उच्चारू देत नाहीत, एवढे काम त्या निश्चित करतात.

७. वर्सोवा, समुद्र आणि अध्यापनाची जबाबदारी

हा विषय उपनगरातील महाविद्यालयांपासून दूरचा नाही. वर्सोव्याच्या पंच मार्गावर १९६१ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे आणि जवळच कोळीवाडा आहे. समुद्री जीवांचा अभ्यास म्हणजे मासेमारी व मत्स्यसंवर्धन, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ब्रेन्टुक्सिमॅब वेडोटिन या २०११ मध्ये मान्य झालेल्या प्रतिपिंड-औषध संयुग्मातील विषाचे मूळ समुद्रात आहे. जॉर्ज पेटिट यांच्या गटाने हिंदी महासागरातील 'डोलाबेला' या कवचहीन भासणाऱ्या सागरी गोगलगायीतून डोलास्टॅटिन-१० हे द्रव्य वेगळे करून १९८७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. गोगलगाय ते द्रव्य आपल्या आहारातील नीलहरित जीवाणूंकडून मिळवते, हे नंतर उमगले. आज औषधात वापरले जाते ते त्याच रचनेवर बेतलेले कृत्रिम द्रव्य. ज्या समुद्राकडे पाठ करून आपण रेणुजीवशास्त्र शिकवतो, तोच समुद्र या औषधांच्या वंशावळीत आहे. प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन शिकवावा असा हा विषय आहे.

याच उपनगर जिल्ह्यात पवई येथे, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात विक्रीची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. येथे विष पोहोचवले जात नाही; रुग्णाच्याच टी-पेशींना लक्ष्य ओळखण्याचा ग्राही बसवून त्या परत दिल्या जातात. परदेशातील अशा उपचारांच्या तुलनेत त्याचा खर्च पुष्कळच कमी आहे, हे या संशोधकांचे मोठे यश होय. तरीही तो लाखांच्या घरात आहे. अशा उपचाराच्या बातमीला 'रामबाण' हा मथळा लागतो, तेव्हा घर गहाण टाकावे की नाही, या निर्णयावर त्या शब्दाचा भार पडतो. भाषेची चूक येथे केवळ शैलीची चूक राहत नाही.

८. एक आक्षेप आणि निष्कर्ष

या विवेचनावर असा आक्षेप घेता येईल की, सामान्य वाचकाला दिलासा हवा असतो. मर्यादांची यादी देऊन त्याची उमेद खचवू नये. आक्षेपात तथ्य आहे. आशा ही उपचाराचा भाग आहे, हे कोणीही अनुभवी डॉक्टर सांगेल. परंतु ८० पैकी बहुतेक रुग्णांत प्रतिसाद दिसला आणि दहांपैकी तिघांत तो टिकला, हे सांगणे निराशाजनक नाही. अगदी सामान्य वाचकालाही ते समजते. ज्याला आधी 'फक्त' असे सांगितले गेले, त्याला सूज आली की विश्वासघात झाल्यासारखे वाटते. ज्याला आधी 'बहुतांशी' असे सांगितले गेले, तो सूज दिसताच डॉक्टरांना कळवतो. या औषधांच्या बाबतीत वेळेवर कळवणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असल्याने, प्रामाणिक क्रियाविशेषणालाही उपचारमूल्य असते.

मराठीत विज्ञानलेखनाची परंपरा समृद्ध आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्यरत आहे. संज्ञा घडवण्याचे काम बरेच झाले. रूपके तपासण्याचे काम मात्र मागे राहिले. ते काम विज्ञान आणि साहित्य या दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांचे आहे.

त्या विद्यार्थिनीने पुढील आठवड्यात आपल्या वहीतील वाक्य दुरुस्त करून दाखवले. तिने 'फक्त' खोडून 'मुख्यतः' लिहिले होते. टिपणात त्याच दिवशी तशीच दुरुस्ती प्रस्तुत लेखकानेही केली.